मिसबाईंनी उलगडलेला शब्द

मिसबाई गेल्याची बातमी मला नरसीला कळली. सकाळची शाळा चालू होती. देवळामागच्या पडवीत अकरा मुली पाटीवर 'क' गिरवत होत्या आणि मी त्यांच्यातल्या सगळ्यात धाकटीचा हात धरून तिच्या 'क'ला पोट काढून देत होते. तेवढ्यात हिंगोलीचा टांगेवाला पायरीशी येऊन उभा राहिला. त्यानं डोक्याची टोपी काढून हातात घेतली होती. "ताई, मिसबाई गेल्या," म्हणाला. मी विचारलं, "वाशिमला का?" कारण आदल्या रविवारी त्या मला म्हणाल्या होत्या, अंगात जरा ताकद आली की वाशिमला जाऊन मैत्रिणीकडे आठ दिवस राहीन. टांगेवाल्यानं मान खाली घातली. तेव्हा कुठं मला उमगलं. मुलींना मी काय सांगितलं ते आठवत नाही. टांग्यात बसल्यावर पाहिलं तर त्या पोरीचं पाटी पुसायचं फडकं माझ्या मुठीतच राहिलं होतं…

त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. या पुरवणीच्या वाचकांपैकी हिंगोलीकडच्या बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलं असेल. पांढरं सुती लुगडं, पायात पुरुषी वहाणा, काखेत छत्री, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसाला धावावं लागे. पण त्यांचं नाव किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. सुमती हे त्यांचं नाव. वाशिमकडच्या एका मिशनच्या अनाथाश्रमात त्या वाढल्या, तिथंच इंग्रजी शिकल्या आणि पंचविशीत हिंगोलीला आल्या. गोऱ्या पलटणी कधीच्या निघून गेल्या होत्या. छावणीतल्या एका ओस बंगल्याच्या मागं नोकरांच्या चार खोल्या होत्या, त्यांत त्यांनी मुलींची शाळा काढली. निजामाच्या सरकारी शाळांत सगळं उर्दूत चाले. मिसबाईंच्या शाळेत मराठी चाले, आणि चौथीत थोडं इंग्रजी.

माझ्या वडिलांचा कयाधूच्या काठाला भाजीचा मळा होता. मिसबाई तिथं वांगी घ्यायला येत. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर काहीतरी छापलेलं होतं, ते पाहून मी मातीत काडीनं तसंच काढत बसले होते. मिसबाई माझ्यामागं कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. त्या वडिलांना म्हणाल्या, "दादा, पोरीला शाळेत धाडा."

"पोरीला शाळा काहून?" वडील म्हणाले.

"काहून ते तिलाच विचारा ना."

वडिलांनी खरंच विचारलं. मी म्हणाले, "डब्यावर काय लिवलंय ते मला समजंना." वडील हसले, आणि दुसऱ्या दिवशी मला शाळेत घेऊन गेले. मुलीला काय हवं असं त्या काळात कुणी मुलीला विचारत नसे. मला विचारलं गेलं, ते त्या बाईंमुळं. त्यांचे माझ्यावर जे उपकार आहेत त्यांतला हा पहिला.

शाळेच्या दारावर पत्र्याची एक पाटी होती. वर मराठीत शाळेचं नाव आणि खाली इंग्रजीत बाईंचं. इंग्रजी अक्षरं ठळक होती. पहिलं अक्षर दोन शिखरांच्या डोंगरासारखं, मग एक काठी, मग दोन साप. डोंगर, काठी, साप, साप. आम्ही मुली ते भिंतीवर, पाटीवर, एकमेकींच्या पाठीवर बोटानं काढायचो. चौथीत गेल्यावर मी बाईंना विचारलं, "हे काय हाय?" त्या म्हणाल्या, "मिस. लग्न न झालेल्या बाईला इंग्रजीत मिस म्हणतात." मग टेबलावरचा पुठ्ठा गेलेला शब्दकोश उघडून त्यांनी आम्हाला दाखवलं, की अगदी याच अक्षरांचा दुसराही एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ चुकणं. गाडी चुकली, नेम चुकला, वाट पाहून भेट चुकली, सगळीकडं तोच. आमच्यातली एक धीट मुलगी म्हणाली, "म्हंजे बाई, तुमचं लगीन चुकलं म्हणून तुमी मिस?" आम्हाला वाटलं आता छडी बसणार. बाई तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "व्हय गं, गाडीच चुकली माझी," म्हणाल्या. मग शिकवायच्या आवाजात सांगितलं, "दिसायला दोन्ही एक हायत, पण कुळं वेगळी. गावात एका नावाच्या दोन बाया असतात ना, तसं. कोणती ते आजूबाजूचे शब्द पाहून ओळखायचं. एकटा शब्द कधी पुरतं सांगत नसतो."

तेराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी गोरेगावला सासरी आले. सासरे वारले होते. सासूबाई, थोरले दीर, जाऊ, आणि आमची शेती. माझे मालक धाकटे. त्यांना बैलांपेक्षा मोटारीचं वेड. हिंगोली-वाशिमच्या खासगी सर्व्हिसवर आधी मोटार चालू करायचं हॅन्डल मारायला राहिले, मग स्वतः मोटार हाकायला शिकले. घरी आले की अंगाला पेट्रोलचा वास यायचा. सासूबाई कुरकुर करायच्या आणि मला मात्र तो वास आवडायचा. लढाई सुरू झाली तसे फौजेला ड्रायव्हर पाहिजेत म्हणून माणसं आली आणि मालक नाव देऊन मोकळे झाले. घरात मोठं भांडण झालं. जाताना मला म्हणाले, "मी काय बंदूक घेऊन न्हाई चाललो. मोटार हाकून राहिलो इथं, तिथं बी मोटारच हाकीन." पहिलं वर्ष पत्रं आली. एक पत्र बोटीवरून आलं, मग मलायातून दोन. मग सिंगापूर पडल्याचं बाजारात ऐकू आलं आणि पत्रं थांबली.

उन्हाळ्यात, ज्वारीचं खळं उरकल्यावर, तो कागद आला. डाकवाल्यानं सासूबाईंच्या हातात दिला. इंग्रजीत टंकलेला, खाली शिक्का. गावात इंग्रजी येणारं कुणी नव्हतं. थोरले दीर कागद घेऊन हिंगोलीला गेले आणि कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या एका मुन्शीला त्यांनी तो दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले ते डोक्याचा पटका सोडूनच. उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, "माय, आपला बापू गेला." घरात मालकांना बापू म्हणत.

पुढचं सगळं कसं झालं ते नीट सांगता येत नाही. घरात आकांत झाला. आळीतल्या बाया जमल्या. मला अंगणात आणून बसवलं. कुणीतरी माझं कपाळ पुसायला ओला पदर घेतला, कुणीतरी हात धरून पाट्यावरचा वरवंटा आणायला सांगितलं. माझं वय एकोणीस. मला रडूही येत नव्हतं. दिरांच्या हातातून पडलेला कागद माझ्या पायाशी होता आणि मी नुसती त्याच्याकडं पाहत होते. पाहता पाहता मला त्यात डोंगर दिसला. डोंगर, काठी, साप, साप. पुढं आणखी तीन अक्षरं होती, पण पहिली चार तीच. मी हात ओढून घेतला.

"आत्या," मी सासूबाईंना म्हणाले, "या कागदावर आमच्या मिसबाईचं नाव हाय."

बायांना वाटलं माझं डोकं फिरलं. दीर ओरडले, "कोन्ती मिसबाई? लढाईच्या कागदावर मास्तरणीचं नाव कसं येईल?"

"कसं ते मला ठावं न्हाई. पण हाय. मिसबाईला विचारल्याबिगर मी बांगड्या फोडू देणार न्हाई."

त्या घरात मी तोवर मान वर करून बोलले नव्हते. आता सारं सासूबाईंवर होतं. एक लेक गेल्याचं ऐकून त्या जमिनीवर पडल्या होत्या. त्या उठून बसल्या, कागद उचलून त्यांनी पदरानं पुसला, आणि म्हणाल्या, "थांबा समद्या. माझं लेकरू हाय ते. आधी त्या बाईला आणा."

बैलगाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. मिसबाई तिसऱ्या दिवशी दुपारी आल्या. उन्हानं तोंड लाल झालं होतं, आणि मांडीवर फडक्यात बांधलेला तोच शब्दकोश. ओसरीवर गावातली जाणती माणसं जमली होती. ख्रिस्ती बाई ओसरीवर कशी बसवायची, यावर कुजबुज चालली होती. बाई कुणी सांगायच्या आत अंगणात, सासूबाईंच्या शेजारी मातीत बसल्या. कागद घेतला आणि वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "यात मेला असं लिहिलेलं न्हाई."

दीर म्हणाले, "मुन्शीनं वाचलाय. गुम झाला म्हनला. लढाईत गुम झाला म्हंजे काय राहिलं?"

"त्यांनी 'गुम' सांगितलं ते बराबर. इथं शब्द हाय मिसिंग. फौजेनं मोजणी केली, त्यात तुमचा भाऊ सापडला न्हाई. मेलेल्यांत सापडला न्हाई, जिवंतांत सापडला न्हाई. सापडला न्हाई, एवढंच."

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. कुणाला हे पटेना. माणूस एक तर असतो, नाही तर नसतो. ही मधली जागा कसली? बाईंनी शब्दकोश उघडून बोट ठेवलं, पण त्या बोटाखालचं वाचणारं तिथं कोण होतं? मिसबाई जराशा अडखळल्या. मी त्यांना शब्द शोधताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "म्हणजे असं बघा… गाडी चुकते ना आपली…" पण गोरेगावला रेल्वेची गाडी कुठली चुकायला.

आणि मग सासूबाईच बोलल्या. अगदी हळू. "म्हंजे बाई, चुकल्या ढोरावानी?"

मिसबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "व्हय माय. बराबर तसंच."

ओसरीवरच्या एकूण एक माणसाला ते कळलं. बाजारातून येताना एखादं वासरू कळपातून चुकतं. त्याला कुणी मेलं म्हणत नाही. गावोगाव निरोप धाडतात, कोंडवाड्यात पाहून येतात, गोठ्यातला त्याचा खुंटा कुणी उपटत नाही. दीर मात्र म्हणाले, आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, "चुकलेलं ढोर कवा घावतं बाई, आन् कवा वाघ खातो."

"हे बी खरं हाय," मिसबाई म्हणाल्या. "दादा, मी तुम्हाला खोटी आशा द्यायला आले न्हाई. कागदात दोन्ही हायत. पण वाघानं खाल्लं असं कुणी पाहिलेलं नसताना आपण खुंटा उपटायचा का, एवढंच तुम्ही ठरवा."

सासूबाई उठल्या, माझ्या कपाळावर पुसट झालेलं कुंकू त्यांनी आपल्या बोटानं पुन्हा नीट लावलं, आणि बायांना म्हणाल्या, "जावा आपापल्या घरी."

एका शब्दाचा खरा अर्थ सांगायला ती बाई रणरणत्या उन्हात बैलगाडीनं एवढ्या लांब आली. निघताना तिनं आमच्या घरचा फक्त गूळ-पाणी घेतलं. माझ्या हातातल्या बांगड्या त्या दिवशी वाचल्या एवढंच मला तेव्हा समजलं होतं. आणखी काय वाचलं ते कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

वर्षभरानं मिसबाईंचा निरोप आला, की शाळेत लहान मुलींना सांभाळायला माणूस हवं आहे, सुनेला धाडता का. दिरांनी साफ नकार दिला. सासूबाई म्हणाल्या, "घरी बसून ती दाराकडं बघती, मी बी बघते. दोघींनी एकच दार किती बघावं? जाऊ द्या तिला." दर अमावास्येला घरी यायचं या अटीवर मी हिंगोलीला आले. दिवसा मुलींना सांभाळायचं आणि संध्याकाळी मिसबाईंपुढं वही घेऊन बसायचं. मराठी पक्कं झालं, मग इंग्रजी. दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही फौजेच्या कचेरीला पत्र लिहायचो. आधी त्या लिहायच्या आणि मी पाहायचे. मग त्या सांगायच्या आणि मी लिहायचे. शेवटी मी लिहायचे आणि त्या नुसतं वाचून एखादं टिंब द्यायच्या. उत्तर एकच यायचं, नवी काही माहिती नाही. पण दर वेळी त्या कागदावर तोच शब्द शोधून मी त्याला डोळ्यांनी हात लावायचे. तो शब्द तिथं आहे तोवर दुसरा शब्द आलेला नाही.

एकदा मिसबाईंना मैत्रिणीचं इंग्रजी पत्र आलं. त्यांनी मला वाचायला दिलं. त्यातही तो शब्द होता. मी घाबरले. म्हटलं, "बाई, ह्या बी हरवल्या का?" त्या हसल्या. "न्हाई गं. माणूस लांब गेलं, त्याच्यावाचून आपल्याला चैन पडत नसलं, की इंग्रजीत असंच म्हणतात. याला मराठीत धड शब्द न्हाई. आठवण येते म्हणावं तर ते पुरतं न्हाई…" मी विचार केला आणि म्हणाले, "आमच्यात म्हणतात की. करमत न्हाई." मिसबाई माझ्याकडं नुसत्या पाहत राहिल्या. मग पेन्सिल घेऊन त्यांनी शब्दकोशाच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं, 'करमत न्हाई'. 'नाही' सुद्धा लिहिलं नाही, मी म्हणाले तसंच लिहिलं. छापलेल्या पुस्तकात माझा शब्द! त्या दिवशी मी किती उंच झाले होते ते कुणाला सांगू.

लढाई संपायच्या आदल्या पावसाळ्यात सासूबाई वारल्या. शेवटचे दिवस मी त्यांच्याजवळ होते. त्यांचं मन शांत होतं. मला म्हणाल्या, "त्यो येईल तवा मी नसन. त्याला सांग, मायनं खुंटा उपटू दिला न्हाई." मी हो म्हणाले.

लढाई संपली आणि माणसं घरी येऊ लागली. वसमतचा एक जण मलायातून परतला, सेनगावकडचा एक आला. आम्ही दोघींनी त्यांना जाऊन विचारलं. वसमतच्या त्या माणसानं सांगितलं, कैदेत पुढं पुष्कळांना जहाजांनी कुठं कुठं बेटांवर नेलं, त्यांच्यात असेल. याहून जास्त त्याला माहीत नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांनी तो दुसरा कागद आला. या वेळी तो शाळेच्या पत्त्यावर आला, कारण पत्रं आम्ही तिथूनच लिहीत होतो. मधल्या सुट्टीची वेळ होती. मिसबाईंनी तो न फोडता माझ्यापुढं धरला.

"तुझा हाय. तूच वाच."

"तुमी वाचा बाई."

"न्हाई. मी वाचून दाखवावं म्हणून तुला तीन वर्षं शिकवलं न्हाई."

मी फोडला. वाचायचा म्हणजे पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचा, ही त्यांची शिस्त. पहिल्याच ओळीत मालकांचं नाव होतं. लग्नात उखाण्यात घेतलं ते सोडलं तर मी ते नाव कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. मी थांबले. मग मी वाचलं, मारोती देवराव. पुढं वाचत गेले. आता कागदावर मिसिंग नव्हतं. म्हणजे होतं, पण 'होता' असं मागं गेलेलं होतं, आणि पुढं नवा शब्द आला होता, प्रिझ्यूम्ड. त्यानंतरचा शब्द मला ठाऊक होता.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"मानलं. मेला असं सरकारनं मानलं."

"कुणी पाहिलं?"

"पाहिलं असं लिहिलेलं न्हाई."

अंगणात मुली फुगड्या घालत होत्या. त्यांचा आवाज येत होता. मी बांगड्या काढल्या, एकेक करून, सावकाश. फोडल्या नाहीत. मिसबाई शेजारी बसून होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, "मी तुला चार वर्षं लटकवून ठेवलं का गं? त्या दिवशी मी न येते तर तुझं रडणं तेव्हाच होऊन गेलं असतं…" मला एवढंच म्हणता आलं, "न्हाई बाई." अधिक बोलायला हवं होतं, ते आज लिहिते आहे. त्या उन्हाळ्यात माझ्या बांगड्या फुटल्या असत्या तर एकोणिसाव्या वर्षी माझी गोधडी माजघराच्या कोपऱ्यात पडली असती आणि ती तिथून कधी हलली नसती. ती चार वर्षं मला कुणी संपलेली धरलं नाही, मी स्वतःही धरलं नाही. कागद आला तेव्हा तो वाचू शकणारी मी तयार झाले होते. रडले मी पुष्कळ, पण माझ्या पायांवर उभी राहून रडले.

आठ दिवसांनी थोरले दीर हिंगोलीला आले. मला वाटलं, आता हे बाईंना चार शब्द सुनावणार. ते शाळेच्या पायरीवर बसले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. मिसबाई बाहेर गेल्या तेव्हा ते खाली पाहत म्हणाले, "बाई, त्या येळेला मुन्शी मला 'गुम' म्हनला होता. 'गेला' मीच म्हनलो घरी येऊन. मला ते अर्धंमुर्धं सोसवंना. वाटलं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे." मग म्हणाले, "मायला सोसलं ते. सुखानं गेली माय. तुमच्यामुळं गेली." आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. मिसबाईंनी त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं. ते त्यांनी प्यायलं. ओसरीवर कुठं बसवायचं याची कुजबुज जिच्यावरून झाली होती, त्याच बाईच्या हातचं.

त्यानंतर मी शाळेतच राहिले, पहिलीच्या वर्गाची मास्तरीण म्हणून. यंदाच्या उन्हाळ्यात आपल्याकडं काय दिवस होते ते वाचकांना सांगायला नको. रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं वऱ्हाडात निघाली होती. शाळेत राहणाऱ्या सहा मुली होत्या. मिसबाईंनी त्यांना माझ्याबरोबर वाशिमकडं पाठवलं. मी म्हटलं, "तुमी बी चला." त्या म्हणाल्या, "मी गेले तर शाळेला कुलूप लागंल. कुलूप लागलेली शाळा कुणी परत उघडत नसतं." भाद्रपदात सगळं निवळलं आणि मी मुलींना घेऊन परत आले, तर दार सताड उघडं, मिसबाई एकट्या वर्गात बसून कपड्याच्या चिंध्यांचे डस्टर शिवत होत्या. पण अंग अर्धं झालं होतं. ताप येत होता, जात होता. दवाखान्यातलं औषध घेत, पण अंथरुणाला टेकायच्या नाहीत. दिवाळीनंतर त्यांनीच मला नरसीला नवा वर्ग काढायला पाठवलं. शेवटच्या रविवारी भेटले तेव्हा बाजेवर पडून त्यांनी माझ्या मुलींची यादी तपासली आणि एका नावातला 'ळ' चुकला म्हणून मला रागावल्या. त्यांना छावणीतल्या जुन्या दफनभूमीत मूठमाती दिली. गोरेगावाहून थोरले दीर आले होते, खड्ड्याच्या कडेला सगळ्यांच्या मागं उभे होते.

आता मी हिंगोलीला त्यांच्या खोलीत राहते. नरसीच्या वर्गाला शिकवायला दुसरी मुलगी दिली आहे, आमच्याच शाळेतली. खोलीत त्यांचं सामान फारसं नव्हतं. एक बाज, एक पेटी, आणि खिडकीपाशी एक लाकडी बाक. हा बाक मुलींसाठी नव्हता. आसपासच्या गावांतून, तांड्यांवरून माणसं इंग्रजी कागद घेऊन यायची, त्यांच्यासाठी तो होता. मिसबाई उभ्या माणसाला कधी कागद वाचून दाखवीत नसत. कितीही घाई असो, आधी बसवायचं. मग कागद स्वतःशी शेवटपर्यंत वाचायचा आणि त्यानंतरच तोंड उघडायचं. असं का, हे मी कधी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात एका तांड्यावरची बाई आली. हातात घामानं मऊ झालेली चिठ्ठी. "मिसबाई हायत का?"

"न्हाईत. मी वाचते. बस माय."

"उभीच बरी हाय. पटकन सांग. टेसनावरच्या बाबूनं वाचलं, म्हनला सोडलं. सोडलं म्हंजे काय? जीव सोडला?"

"बस," मी म्हटलं.

ती बाकाच्या अगदी टोकाला बसली. मी चिठ्ठी पुरी वाचली. तिचा नवरा सरकी काढायच्या यंत्रात पाय सापडून नांदेडच्या दवाखान्यात पडला होता. शब्द होता डिस्चार्ज.

"दवाखान्यानं सोडलं, माय. बरा झाला म्हणून सोडलं. जखम भरली म्हणून लिहिलंय. घराकडं येऊन राहिला तो."

ती बाकाच्या टोकावरून सरकून नीट आत बसली, पाठ भिंतीला टेकली, आणि डोळे मिटून म्हणाली, "आनखी एकदा वाच."

मी पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचायला लागले.